उंदीर बरा झाला म्हणजे नेमकं काय झालं? अटॅक्सिया, कंपवात आणि जनुकोपचार

पागोळी

गेल्या आठवड्यात आतेभावाने घरच्या ग्रुपवर एका बातमीचा दुवा टाकला. मेंदूच्या आजाराने झोकांड्या खाणारे उंदीर एका इंजेक्शनने सरळ चालायला लागले, असा मथळा. खाली त्याने लिहिलं होतं, "दादासाठी आशा!" दादाने ग्रुपवर अंगठा दाखवला आणि रात्री मला फोन केला. "वाचलंस का गं? ते उंदीर किती दिवस आजारी होते, ते कुठे लिहिलंय का?"

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वय ४६. त्याला एससीए-वन आहे, म्हणजे स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया या चाल आणि तोल बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा पहिला प्रकार. बाबांनाही तोच होता, पण तेव्हा नाव कुणालाच माहीत नव्हतं. भर दुपारी एसटी स्टँडवर बाबांचा तोल जायचा आणि लोक म्हणायचे, घेतलेली दिसते. बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. ते बोलणं आईला आजही लागतं.

मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. पण दादाचा रिपोर्ट आल्यापासून मिळेल ते वाचत आले आहे, आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे हाती लागलं ते इथे मांडते आहे. चुकलं तर जाणकारांनी सांगावं.

एससीए-वनचं जनुक १९९३ साली सापडलं. मिनेसोटाचे हॅरी ऑर आणि ह्यूस्टनच्या हुदा झोग्बी या दोघांना वेगवेगळ्या प्रयोगशाळांत ते एकाच दिवशी, ८ एप्रिलला दिसलं. या जनुकात सी-ए-जी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ती चाळिसाच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेळा आली, की अटॅक्सिन-१ नावाचं प्रथिन बिघडलेलं तयार होतं. ते लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशींना हळूहळू आजारी पाडतं. चालणं, गिळणं, बोलणं, पेन धरणं, या सगळ्याचा ताल तिथेच सांभाळला जातो.

ऑर यांच्या गटाने हेच माणसाचं बिघडलेलं जनुक, ८२ सीएजी असलेलं, उंदरांत घातलं. ते उंदीर दादासारखेच डुलत चालायला लागले. मग २००४ मध्ये आयोवा विद्यापीठात बेव्हर्ली डेव्हिडसन यांच्या गटाने अशाच उंदरांच्या लहान मेंदूत एएव्ही हा निरुपद्रवी विषाणू टोचला. त्यात एक छोटा आरएनए होता. बिघडलेलं प्रथिन बनवायचा पेशीतला निरोप अमलात येण्याआधीच फाडून टाकायचा, एवढंच त्याचं काम. उंदरांचा तोल सुधारला आणि पेशींत साठलेले प्रथिनाचे गोळेही नाहीसे झाले.

बातम्या इथे थांबतात. पण दादाच्या प्रश्नाचं उत्तर त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात आहे, आणि त्याबद्दल कुणीच लिहीत नाही. त्यात इंजेक्शन नव्हतंच. बिघडलेलं जनुक वाटेल तेव्हा बंद करता येईल असे उंदीर तयार केले होते. पिण्याच्या पाण्यात डॉक्सिसायक्लिन मिसळलं की जनुक बंद. आपल्याकडे लेप्टोच्या साथीत देतात तीच ही गोळी. आजाराच्या सुरुवातीला बंद केलं तर उंदीर जवळजवळ पूर्ण सावरले. उशिरा बंद केलं तेव्हाही सावरले, पण अर्धवट.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आजारी पेशी आणि मेलेली पेशी यांत फरक आहे. या उंदरांत पर्किंजे पेशी मरायला लागतात त्याच्या कितीतरी आधी चाल बिघडते. म्हणजे चाल बिघडली याचा अर्थ पेशी गेल्या असा होत नाही. त्या असतात, पण काम करू शकत नाहीत. त्यांच्या मानगुटीवरचं ओझं उतरलं तर त्या परत उभ्या राहतात. आता "उंदीर बरा झाला" असं दिसलं की मी पहिल्यांदा हेच शोधते: उपचार केला तेव्हा त्याच्या पेशी जिवंत होत्या का?

आंबेमोहर

वाचतेय. फार मनापासून लिहिलंयस. उंदराचा तोल सुधारला हे मोजतात कसं? माझ्या मुलीने विचारलं आणि मला सांगता येईना.

प्रयोगवही

पागोळी, चुकलेलं काही नाही. मी अमेरिकेत पाच वर्षं अशाच उंदरांवर काम केलं, म्हणून आंबेमोहर यांना उत्तर देतो.

रोटारॉड नावाचं यंत्र असतं. आडवा फिरता दांडा, जाडीला पोळपाटाच्या लाटण्याएवढा, आणि त्यावर कप्पे. प्रत्येक कप्प्यात एक उंदीर ठेवायचा. दांडा आधी मिनिटाला चार फेरे फिरतो आणि पाच मिनिटांत वेग वाढत चाळीसपर्यंत जातो. उंदीर पडला की खालची पट्टी दबते आणि घड्याळ थांबतं. निरोगी उंदीर शेपटी ताठ करून भराभर पावलं टाकत राहतो. आजारी उंदराचे मागचे पाय आधी घसरतात. काही उंदीर पडायच्या ऐवजी दांड्याला घट्ट मिठी मारून त्याच्याबरोबर गरगर फिरतात. ते चालणं नव्हे, म्हणून तो वेळ धरत नाहीत. पाहणाऱ्याला कोणता उंदीर औषधाचा आणि कोणता नाही हे माहीत नसावं लागतं, नाहीतर मन हळूच आपल्या बाजूचा आकडा लिहितं.

मला जास्त आवडायची ती पावलांची चाचणी. पुढच्या पंजांना एक रंग, मागच्यांना दुसरा, आणि कागदाच्या पट्टीवरून उंदराला अंधाऱ्या खोक्याकडे चालत जाऊ द्यायचं. निरोगी उंदराचं मागचं पाऊल पुढच्याच्या ठशावर पडतं. अटॅक्सियाच्या उंदराचे ठसे फाकलेले, कुठे ओढत नेलेले. गौरी आणताना आई उंबऱ्यापासून पावलं काढायची. पहिल्यांदा ती पट्टी हातात घेतली तेव्हा मला तीच आठवली. उपचार केलेल्या उंदराची पट्टी आदल्या महिन्याच्या पट्टीशेजारी ठेवली आणि ठसे एकमेकांवर आलेले दिसले, त्या दिवशी आम्ही कुणीच बोललो नाही.

सह्यकडा

माझ्या वडिलांना कंपवात (पार्किन्सन) आहे, नऊ वर्षं झाली. कंपवातावरही जनुकोपचार चालू आहेत असं वाचतो. पागोळी यांचा प्रश्न तिथे लावला तर काय उत्तर येतं?

प्रयोगवही

सह्यकडा, खरं सांगायचं तर अवघड उत्तर येतं.

कंपवातात मेंदूतल्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या पेशी मरतात. हालचालीसाठी लागणारं डोपामिन हे द्रव्य त्या बनवतात. प्राण्यांत हा आजार विषाने घडवतात. एमपीटीपी हे ते विष, आणि ते अपघातानेच कळलं. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण नशेसाठी बनवलेलं भेसळीचं द्रव्य टोचून एकाएकी गोठल्यासारखे झाले. विल्यम लँगस्टन यांनी छडा लावला तेव्हा त्या द्रव्यात एमपीटीपी निघालं. माकडांना ते दिलं की कंपवातासारखीच लक्षणं दिसतात.

अशा माकडांच्या मेंदूत जीडीएनएफ किंवा त्याच्या जवळचं न्यूर्टुरिन बनवणारं जनुक सोडलं. ही प्रथिनं पेशींना खतपाणी घालतात. माकडं सुधारली, पेशी वाचल्या. मग माणसांत न्यूर्टुरिनची चाचणी झाली आणि तिचा निकाल २०१० मध्ये छापून आला. ५८ रुग्ण होते. त्यांतल्या ३८ जणांना खरा उपचार आणि २० जणांना नुसती वरवरची शस्त्रक्रिया. वर्षाने दोन्ही गटांत फरक नव्हता.

का, ते पुढे कळलं. माकडांना विष दिल्यावर काही दिवसांतच उपचार केला होता. तेव्हा पेशी जखमी होत्या, गेल्या नव्हत्या. माणसं मात्र आजाराच्या कित्येक वर्षांनी आली होती. जेफ्री कॉर्डोवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर दान केलेले मेंदू तपासले. निदानानंतर चार वर्षांतच मेंदूतल्या प्युटामेन या भागातले डोपामिनचे तंतू जवळपास नाहीसे झालेले असतात, असं त्यांना आढळलं. ज्या फांदीवाटे खत मुळापर्यंत जायचं ती फांदीच उरली नव्हती. माकडाने खोटं सांगितलं नाही. त्याला विचारलेला प्रश्न वेगळा होता, उत्तर मात्र आपण सगळ्यांसाठी धरलं.

जीडीएनएफचं काम अजून सोडलेलं नाही. रुग्णांत चाचण्या चालू आहेत. वडिलांची आताची औषधं वेळेवर जाऊ द्या. डोपामिन भरून काढणाऱ्या गोळ्या आजही सगळ्यात जास्त उपयोगी आहेत.

सह्यकडा

वाईट वाटलं, पण कुणीतरी नीट समजावून सांगितलं याचं समाधान आहे. दीड वर्षापूर्वी एका ठिकाणी स्टेम सेलच्या नावाखाली आमच्याकडून साडेतीन लाख घेतले. भिंतीवर उंदरांचे आलेख लावले होते. वडिलांच्या हातात काडीचाही फरक पडला नाही. तेव्हा हे माहीत असतं तर उंदीर कधी आणि कसा आजारी पाडला होता, एवढं तरी विचारलं असतं.

खलबत्ता

मी औषधशास्त्र शिकवून निवृत्त झालो. पागोळीताईंनी आजारी आणि मेलेली पेशी हा जो भेद धरला आहे, तो मी वर्गात सशांच्या गोष्टीतून शिकवत असे. ती आपल्या मातीतून सुरू होते, म्हणून सांगतो.

सर्पगंधा आपल्याकडे पूर्वापार वापरात आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना ती देऊन १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहिला, आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिलं, तेव्हा ससे कान पाडून मातीच्या गोळ्यासारखे निपचित बसले. मग त्यांनी एल-डोपा टोचलं, ज्यापासून मेंदूत डोपामिन बनतं. थोड्याच वेळात ससे कान टवकारून उठले. आधीचं छायाचित्र आणि नंतरचं छायाचित्र शेजारी शेजारी ठेवून मी मुलांना विचारायचो, सांगा, काय बदललं?

पेशी एकही मेली नव्हती. रिसर्पिनने त्यांचा डोपामिनचा साठा रिकामा केला होता, एवढंच. साठा भरला, ससा उठला. कंपवाताचं आजचं सगळं औषधपाणी त्या सशावर उभं आहे. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

आता जनुकोपचाराकडे येतो. या वर्गातला सगळ्यात ठळक विजय ज्या आजारात मिळाला, तो त्या सशाचा सख्खा भाऊ आहे. एएडीसी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतःच नसलेली मुलं. त्यांना डोपामिन तयार करता येत नाही. मान धरत नाही, डोळे तासन् तास वर फिरतात, सगळं अंग आखडतं. पण पेशी जागच्या जागी असतात. तैवानमध्ये हा आजार इतरांहून जास्त दिसतो. तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठात वू-लियांग ह्वू यांच्या गटाने त्याच बिघाडाच्या उंदरांवरही जनुकोपचार तपासला, आणि मुलांच्या प्युटामेनमध्ये विषाणूवाटे त्या विकराचं जनुक पोचवलं. आयुष्यात मान न धरलेली मुलं बसायला लागली, काही चालली. युरोपने २०२२ मध्ये आणि अमेरिकेने नोव्हेंबर २०२४ मध्ये या उपचाराला मान्यता दिली.

ओलीमाती

एक मनातलं विचारते. माझ्या घरी दोन कुत्री आणि एक मांजर आहे. माकडाला विष देऊन लुळं करायचं, हे वाचून पुढचं वाचवेना. उंदरांवर एवढं दिसल्यावर माकडं कशाला लागतात?

प्रयोगवही

ओलीमाती, हा प्रश्न प्रयोगशाळेतही लोकांना छळतो आणि छळायलाच हवा. भारतात प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६० च्या कायद्याखाली समिती आहे. तिच्या नियमांप्रमाणे परवानगी घेतल्याशिवाय प्रयोग करता येत नाही, आणि लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा वापरता येत नाही.

माकड का लागतं, त्याचं एक कारण अंतर. उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमहूनही हलका. माणसाचा जवळपास चौदाशे ग्रॅम. उंदराच्या मेंदूत थेंबाचा अंश सोडला तरी मोठा भाग व्यापतो. माणसात तेवढंच औषध सुईच्या टोकापाशी राहील. एससीए-वनसाठी म्हणूनच ऱ्हीसस माकडाच्या लहान मेंदूत औषध किती लांब पोचतं ते पाहिलं गेलं. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारासाठी मेंढ्या आणि छोट्या जातीची डुकरंही वापरतात.

दुसरं कारण मला स्वतःला शिकवून गेलं. २०१६ मध्ये पीएचपी-बी नावाचं एएव्हीचं नवं कवच आलं. शिरेतून दिलं की रक्त आणि मेंदू यांमधला पडदा ओलांडून ते मेंदूभर पसरायचं. कवटीला भोक पाडायची गरजच नाही! आमच्या मजल्यावर पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. दोन वर्षांत कळलं की हे सी-५७ या काळ्या उंदरांच्या वाणात होतं. बाल्ब-सी या पांढऱ्या वाणात होत नाही, माकडातही नाही. त्या काळ्या उंदरांच्या रक्तवाहिन्यांवर एलवाय-६-ए नावाचं प्रथिन असतं, त्यालाच धरून कवच आत शिरतं. माणसात ते प्रथिन नाही. फक्त काळ्या उंदरावर विसंबून मुलांना टोचलं असतं तर?

आणि धोक्याचंही सांगायला हवं. निरोप फाडणारे हे छोटे आरएनए जास्त झाले तर पेशीची स्वतःची यंत्रणा गुदमरते. २००६ मध्ये अशा ४९ रचना उंदरांच्या यकृतात तपासल्या. ३६ रचनांनी यकृताला इजा केली, २३ रचनांमुळे उंदीर मेले. डेव्हिडसन यांच्या गटालाही उंदराच्या मेंदूत ही विषबाधा दिसली. मग त्यांनी आरएनएची घडण बदलून ती पेशीच्या नेहमीच्या सूक्ष्म आरएनएसारखी केली आणि इजा कमी झाली. ते उंदीर गेले म्हणून ही चूक माणसापर्यंत आली नाही. तुमचं दुःख याने कमी होणार नाही, माझंही झालं नाही.

ओलीमाती

सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. आता पुढचं वाचेन.

आंबेमोहर

हंटिंग्टनचं नाव आलं म्हणून विचारते, गेल्या वर्षी त्याची मोठी बातमी होती ना? आणि १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी महाराष्ट्रात वर्गण्या काढल्या होत्या, ते यातलंच का?

प्रयोगवही

हंटिंग्टनमध्ये एएमटी-१३० हा उपचार आहे. एएव्ही-५ विषाणू एमआरआयच्या मदतीने मेंदूत खोलवर सोडतात. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केलं की जास्त डोस मिळालेल्या १२ जणांत तीन वर्षांनी आजाराची गती ७५ टक्के कमी दिसली. मात्र तुलना दुसऱ्या नोंदींमधल्या रुग्णांशी केली होती, आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने पुढे त्यावरच प्रश्न उभे केले. मी आशेने बघतो आहे, पण बारा माणसं म्हणजे बाराच माणसं.

१६ कोटींचं इंजेक्शन एसएमए या बालकांच्या आजाराचं. तो हालचालीच्या मज्जापेशींचा, थोडा वेगळा आजार. पण पागोळी यांचा मुद्दा तिथे जितका लख्ख दिसतो तितका कुठेच नाही. २०१० मध्ये ब्रायन कॅस्पर यांच्या गटाने एएव्ही-९ वाटे या आजारात बिघडलेल्या जनुकाची निरोगी प्रत एसएमएच्या उंदरांच्या पिल्लांना दिली. उपचार न केलेली पिल्लं पंधराएक दिवसांत जायची. जन्मल्यावर लगेच दिलं तेव्हा ती अडीचशे दिवसांपुढे जगली. पाचव्या दिवशी दिलं तर थोडा फायदा, दहाव्या दिवशी दिलं तर जवळपास नाहीच. म्हणूनच त्या वर्गण्यांच्या वेळी आईबाप दिवस मोजत होते.

पागोळी

सगळ्यांची ऋणी आहे. खलबत्ता सरांची सशाची गोष्ट दादाला फोनवर वाचून दाखवली. "कान टवकारून" तिथे तो हसला.

मग म्हणाला, "उशिराचे उंदीर अर्धवट सावरले म्हणालीस. अर्धं म्हणजे किती? शर्टाची बटणं लावता येतील एवढं, की नुसतं गिळता येईल एवढं?" मला सांगता आलं नाही. प्रयोगवही, तुम्हाला येईल का?

प्रयोगवही

दादांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या बटणांत उत्तर देणं मला जमणार नाही, पण पेशीत काय दिसतं ते सांगतो. पर्किंजे पेशीला झाडासारख्या फांद्या असतात. आजारात त्या आखूड होतात, आणि लहान मेंदूच्या कापात फांद्यांचा थर पातळ दिसतो. जनुक लवकर बंद केलं की थर पुन्हा भरतो. उशिरा केलं की थोडा भरतो आणि तिथेच थांबतो. बिघडलेलं प्रथिन मात्र उशिराच्या उंदरांतही पेशीतून लवकर निघून जातं. म्हणजे कचरा साफ होतो, पण गेलेल्या फांद्या सगळ्या परत येत नाहीत.

माणसात उपचार येईल तेव्हा आजार कोणत्या टप्प्यावर होता हे कळायला आधीच्या नोंदी लागतील. चालणं, बोलणं, बोट नाकाला लावणं यावर ० ते ४० गुण देणारी सारा नावाची मोजपट्टी आहे. दादांचे गुण दरवर्षी न्यूरॉलॉजिस्टकडून लिहून घेता का?

पागोळी

घेतो, दोन वर्षांपासून. पण दादाकडे त्याहून जुनी नोंद निघाली, ती मलाही काल कळली.

आजार नुकता सुरू झाला तेव्हा त्याचा चेक परत आला होता, सही जुळत नाही म्हणून. बँकेत तिघांसमोर त्याला पाचदा सही करायला लावली आणि पाचही वेगळ्या आल्या. मी स्वतः बँकेत काउंटरवर बसते, रोज सह्या ताडून बघते. तरी त्याने तेव्हा मला सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून दर महिन्याच्या एक तारखेला तो एका वहीत सही करतो आणि खाली तारीख घालतो. पहिलं पान जून २०१७ चं आहे. त्यावरचं आडनाव पूर्ण वाचता येतं. २०२१ पासून शेवटची दोन अक्षरं एकात एक गेली आहेत. या महिन्याच्या सहीत नुसती वरची रेघ ओळखू येते, ती मात्र अजून सरळ आहे.

काल वही माझ्याकडे देत म्हणाला, "त्या प्रयोगवहीला दाखव. उंदरांच्या पावलांच्या पट्ट्या ठेवतात ना, तशीच आहे."

पहिलं, मधलं आणि या महिन्याचं अशा तीन पानांचे फोटो आज रात्री तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवते.